कॉट बेसिस

पुण्यात येईपर्यंत 'कॉट बेसिस' हा शब्द मी ऐकलासुद्धा नव्हता. आमच्या लातूरला माणूस घर भाड्याने घेतो, फार तर एखादी खोली घेतो, पण नुसती कॉट भाड्याने घ्यायची आणि बाकी खोलीवर आपला काही हक्क नाही हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पेरूगेटजवळ एका लाईटच्या खांबापुढे सॅक घेऊन उभा होतो. पहाटे ट्रॅव्हल्सने स्वारगेटला उतरवलेलं, मित्राच्या रूमवर आंघोळ उरकलेली, आणि खांबावर एक झेरॉक्स कागद खळीने चिकटवलेला. 'कॉट बेसिस. फक्त मुले. विद्यार्थ्यांस प्राधान्य. 24 तास पाणी. मित्र आणू नयेत.' कागदाला खालून कात्रीने उभ्या चिरा मारलेल्या, प्रत्येक पट्टीवर मोबाईल नंबर, दहापैकी सात पट्ट्या गेलेल्या. आठवी मी फाडली.

मला तर '24 तास पाणी' एवढंच वाचून पुरलं होतं. 2016 च्या उन्हाळ्यात आमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं, मी शाळेत होतो तेव्हा, आणि घरी भांडी घासलेलं पाणी संडासाला वापरायची जी सवय लागली ती अजून सुटलेली नाही. माझा रूम पार्टनर नळ चालू ठेवून दाढी करतो ते मला आजही बघवत नाही.

घरमालकीण काकूंनी दारातच विचारलं, "कुठले तुम्ही?" लातूर म्हटल्यावर एकदम खूश. "लातूर पॅटर्न! मग काय, एमपीएससी की यूपीएससी?" मी म्हटलं, ऑनलाईन मार्केटिंग शिकायला आलोय. काकूंचा चेहरा पडला. "म्हणजे ते मेंबर करतात ते का?" आता हाच प्रश्न निघायच्या आदल्या रात्री पप्पांनी पण विचारला होता, त्यामुळे उत्तर तोंडपाठ होतं. आपल्याकडे मार्केटिंग म्हटलं की लोकांना आधी चेन आठवते, कुणीतरी मेव्हणा साबण-पावडरची पिशवी घेऊन घरी आलेला असतो. पप्पा आडत दुकानात मुनीम, त्यांच्यासाठी मार्केट म्हणजे यार्ड आणि सोयाबीनचा सौदा. त्यांना मी नंतर फोनवर सांगितलं की कुणी गूगलवर काही शोधलं की जाहिरातवाल्यांचा तिथल्या तिथे लिलाव होतो, पण जास्त बोली लावणारा वर येईलच असं नाही, जाहिरात कशी आहे, शोधणाऱ्याच्या कामाची आहे का, हे पण गूगल बघतं. पप्पा म्हणाले, "मग त्यात नवीन काय, आम्ही पण माल बघूनच भाव करतो की." पाऊण तासाचं लेक्चर संपलं तिथंच.

क्लासमध्ये पहिल्या आठवड्यात माझी फार पंचाईत झाली. एक तर फनेल, लीड, बाउन्स रेट असल्या शब्दांचा मारा, त्यात मी "सर, मी येलालो, पाच मिनिटं" असं फोनवर बोललो आणि सगळा वर्ग दोन दिवस येलालो-जालालो करत होता. शब्दांना मी घाबरायचो ते मात्र फुकट. इंप्रेशन म्हणजे खांबावरून जाताना किती जणांना कागद दिसला आणि क्लिक म्हणजे किती जणांनी पट्टी फाडली, एवढं एकदा डोक्यात बसल्यावर बाकीचं रात्री अभ्यासिकेतून येणाऱ्या पोरांच्या चपला मोजत मोजत गूगलच्या स्किलशॉप या ऑनलाईन कोर्सच्या साईटवर फुकटात शिकलो. गूगलच्या जाहिरातीत हेडलाईनला 30 कॅरेक्टर मिळतात आणि काना-वेलांटी पण त्यात वेगळी मोजली जाते, म्हणजे मराठी माणसाला जागा अजूनच कमी, काकूंसारखी काटकसर पाहिजे. 'मित्र आणू नयेत' हे बघा ना, तीन शब्द, संपला विषय.

पहिली नोकरी नळ स्टॉपला एका छोट्या एजन्सीत लागली. पहिलं अकाउंट मिळालं एका फर्निचरवाल्या काकांचं, लोखंडी आणि लाकडी कॉट, कपाटं वगैरे. दिवसाचं बजेट 500 रुपये. मी उत्साहात 'कॉट' हा कीवर्ड टाकला, म्हणजे हे शोधणाऱ्याला जाहिरात दिसावी, मॅच टाईप गूगल आपणहून ब्रॉड ठेवतं, म्हणजे आसपासचे शोध पण धरायचे, तो तसाच राहू दिला, आणि घरी जाऊन मेसमध्ये शांतपणे जेवलो.

तिसऱ्या दिवशी बघतो तर क्लिकच क्लिक, फोन एक नाही. मग सर्च टर्म्सचा रिपोर्ट उघडला, म्हणजे लोकांनी खरंच काय टाईप केलं होतं त्याची यादी. कॉट बेसिस कर्वेनगर. कॉट बेसिस फॉर बॉईज सदाशिव पेठ. कॉट बेसिस नो डिपॉझिट. कॉट बेसिस विथ मेस. कॉट बेसिस अभ्यासिकेजवळ. काही मराठीत, बरेचसे इंग्रजी अक्षरांत, स्पेलिंग दहा तऱ्हेची. कॉट विकत घ्यायला निघालेले मोजून पाच-सहा, बाकी सगळे सॅक अडकवून कुठल्यातरी खांबापुढे उभे असलेले, आणि प्रत्येकाच्या एका क्लिकमागे काकांचे पैसे जात होते. साहेब ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, "निगेटिव्ह टाक." निगेटिव्ह कीवर्ड म्हणजे हा शब्द असला तर आपली जाहिरात दाखवूच नका. मी 'बेसिस' टाकला. निगेटिव्हमध्ये गूगल समानार्थी शब्द स्वतःहून धरत नाही, त्यामुळे हॉस्टेल, पीजी, रूम, भाड्याने, डिपॉझिट असं एकेक बसून टाईप करावं लागतं. विद्यार्थी टाकताना हात जरा थांबला. 'मित्र आणू नयेत' लिहिताना काकूंचा थांबला असेल का, काय माहीत, मला नाही वाटत.

दुसऱ्या दिवशी काकांच्या दुकानात माफी मागायला गेलो, म्हणजे साहेबांनीच पाठवलं. लाकडाचा भुसा, पॉलिशचा वास, बाहेर एकावर एक उभ्या करून ठेवलेल्या कॉटी. मी सगळं सांगितलं, तीन दिवसांचे जवळजवळ दीड हजार चुकीच्या माणसांवर गेले म्हणून. काका ऐकून घेत होते, मधेच म्हणाले, "एवढी पोरं रोज कॉट शोधतात होय?" आणि मग थोडं थांबून, "अहो, मग ज्यांना कॉट बेसिस चालवायचंय त्यांना कॉटी लागत असतील की. त्यांना कुठं गाठायचं?" हे आमच्या क्लासमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. त्या रात्री मी 'कॉट बेसिससाठी घाऊक कॉट' अशी वेगळी जाहिरात लिहिली, 30 कॅरेक्टरमध्ये बसवायला तीनदा कापाकापी केली. चालते का नाही ते अजून कळायचंय, आठवडाच झालाय.

त्या दिवशी दुकानातून निघताना काकांनी विचारलं, "तुम्ही राहता कुठं?"

म्हटलं, कॉट बेसिसवरच, पेरूगेटला.

"कॉट कसली आहे, लोखंडी?"

"हो. कूस बदलली की सगळी खोली जागी होते."

काका ड्रॉवर उघडून शोधायला लागले. "नट ढिले झाले असतील. हा घ्या 12-13 चा पाना, उद्या आणून द्या."