बोअरच्या पाण्याने धुतलेली गाडी कोरडी करताना: टॉवेल, ब्लोअर आणि माझा अनुभव

काळी किंवा गडद निळी गाडी बोअरच्या पाण्याने धुतली, की खरं काम शॅम्पू संपल्यावर सुरू होतं. आपल्याकडे काळ्या पाषाणातून वर येणारं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. पाणी उडून जातं आणि त्यात विरघळलेले कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार रंगावर बसतात. टीडीएस मीटरवर 900 दिसलं, तर लिटरभर पाण्यात सुमारे 900 मिलिग्रॅम क्षार. गाडीवर पाव लिटर पाणी जरी राहिलं, तरी वाळल्यावर 225 मिलिग्रॅम पांढरा थर गोल गोल कड्यांच्या रूपात मागे उरतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, टीडीएसची स्वीकार्य मर्यादा 500 आहे. गाडीच्या बाबतीत मात्र आकडा 150 च्या वर गेला की मी कोणताही भाग आपोआप वाळू देत नाही.

टॉवेल आणि ब्लोअर निवडताना मी एकच कसोटी लावतो: पाणी आधी स्वतःच्या वजनाने उतरावं, मग वाऱ्याने, आणि उरलेलंच कापडाने. रंगाला जितका कमी स्पर्श, तितके कमी चरे. उन्हात धरल्यावर दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे बरेचसे धुण्याच्या स्पंजाने आणि पुसण्याच्या फडक्यानेच पडलेले असतात.

म्हणून शेवटचं पाणी मारताना मी पाइपचं नोझल काढून टाकतो. पाइपचं उघडं तोंड टपाच्या मधोमध, रंगाला न टेकवता जवळ धरायचं आणि पाणी हळू सोडायचं. फवाऱ्याने थेंब तयार होतात. एकसंध प्रवाह मात्र आपल्याबरोबर आधीचे थेंबही ओढून नेतो. टप, मग पुढची-मागची काच, बॉनेट, डिकी, शेवटी दारं. वॅक्स किंवा कोटिंग (रंगावरचा पाणी झटकणारा संरक्षक थर) असलेल्या गाडीवरून अर्ध्याहून अधिक पाणी इथेच उतरतं.

घरी आरओ असेल तर आणखी एक उपाय आहे. बागेत फवारणीला वापरतात तो 5 लिटरचा हातपंप आरओच्या शुद्ध पाण्याने भरायचा आणि शेवटची धार त्याने मारायची. क्षार मुळातच कमी झाल्यामुळे एखादा थेंब राहिला तरी डाग पुसट पडतो. पण आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी बादलीत साठवून त्यानेच गाडी धुणारी अनेक घरं आहेत, आणि इथे गल्लत होते. त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात. चाकांचा आणि चिखलपट्टीचा पहिला चिखल काढायला ते चालेल. शेवटच्या धारेला ते वापरू नये.

आता टॉवेल. पिवळं फ्लॅनेलचं फडकं, जुना पंचा, घरातला टर्किश टॉवेल, यांपैकी काहीही मी रंगाला लावत नाही. फ्लॅनेल सपाट असतं. धुळीचा एखादा कण राहिला तर तो कापडात आत शिरत नाही, कापड आणि रंग यांच्यामध्ये घासत फिरतो. नळकांड्यात ओला ठेवायचा पीव्हीए शॅमी पाणी झकास पितो, पण त्यालाही लव नाही, म्हणून दोष तोच. शिवाय नळकांड्यात बंद राहिला की बुरशी धरतो. काचेला तो वापरावा, रंगाला नको. रबरी पट्टीच्या वायपरचंही तसंच आहे. पट्टीखाली एक कण अडकला तर बॉनेटभर सरळ रेघ उमटते.

मायक्रोफायबर म्हणजे पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांचं मिश्रण. लेबलवर 80/20 किंवा 70/30 असं लिहिलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा पॉलिअमाइडचा. पाणी धरून ठेवायला तो जास्त कामाला येतो, म्हणून पुसण्याच्या टॉवेलसाठी मी 70/30 घेतो. वीण तीन प्रकारची मिळते. चौकड्यांची वॅफल वीण पातळ, लवकर वाळणारी, काचेवर उत्तम. लांब लव असलेला प्लश टॉवेल मऊ असतो, पण भिजला की रंगाला चिकटून ओढ घेतो. पीळ दिलेल्या फाशांचा, बाजारात ‘ट्विस्टेड लूप’ नावाने येणारा टॉवेल सर्वांत जास्त पाणी घेतो आणि सहज सरकतो. मोठ्या भागांसाठी मी हाच वापरतो.

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. ऑनलाइन विक्रेते हा आकडा मनाला येईल तसा छापतात, आणि तो तपासायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. 50 बाय 80 सेंटिमीटरचा टॉवेल म्हणजे 0.4 चौरस मीटर. 600 जीएसएमचा असेल तर त्याचं वजन 240 ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. काठाच्या पट्टीचे थोडे ग्रॅम वर-खाली होतील, पण 150 भरलं तर दावा खोटा.

जास्त जीएसएम म्हणजे जास्त चांगला, हेही मला पटत नाही. 60 बाय 90 चा 1200 जीएसएमचा टॉवेल कोरडाच साडेसहाशे ग्रॅमचा. त्याने दोन लिटर पाणी प्यायलं की अडीच किलोंहून जड ओझं टपावरून ओढायचं आणि दारांवर हातात पेलायचं. पाठ दुखते, टॉवेलचा कोपरा जमिनीला टेकतो, आणि पावसाळ्यात तो दोन-दोन दिवस वाळत नाही, वास मारतो. त्यापेक्षा 500 ते 600 जीएसएमचे 50 बाय 80 चे दोन टॉवेल, काचेसाठी एक वॅफल, आणि दारांच्या चौकटी, डिकीची कड यांसाठी 40 बाय 40 चे दोन-तीन साधे तुकडे, एवढं एका हॅचबॅकला किंवा सेडानला पुरतं. एसयूव्ही असेल तर मोठा टॉवेल आणखी एक. घेताना काठ बोटांनी चाचपून पाहावा. जाड नायलॉनच्या दोऱ्याची शिवण नको, मऊ कापडी पट्टी हवी. लेबल शिवलेलं असेल तर पहिल्या दिवशीच कापून टाकावं.

नवा टॉवेल एकदा धुतल्याशिवाय पाणी नीट घेत नाही आणि तंतूही सोडतो. धुऊन वाळवल्यावर काचेवर दोन चमचे पाणी टाकायचं, टॉवेल न दाबता वर ठेवायचा आणि उचलायचा. काच जवळपास कोरडी निघाली तर टॉवेल कामाचा.

वापरताना ठणठणीत कोरडा टॉवेल पहिल्या हाताला पाणी ढकलतो, म्हणून मी त्यावर आधी पाण्याचे दोन-तीन फवारे मारतो. बॉनेटवर टॉवेल पूर्ण पसरायचा, दोन कोपरे धरून सावकाश आपल्याकडे ओढायचा. वरून दाबायचं नाही, गोल गोल फिरवायचं नाही. कोटिंग नसलेल्या गाडीवर प्रत्येक भागावर क्विक डिटेलरचे (रंग निसरडा करणाऱ्या द्रवाचे) एक-दोन फवारे मारले की टॉवेल घसरत जातो आणि घर्षण कमी होतं. दारांचा खालचा वीतभर भाग आणि बंपरची खालची कड सर्वांत शेवटी, वेगळ्या तुकड्याने, कारण तिथे धुतल्यावरही माती राहते. जमिनीवर पडलेला टॉवेल त्या दिवशी पुन्हा रंगाला लावायचा नाही.

टॉवेलने न सुटणारी अडचण फटींची असते. आरसा, दाराची मूठ, इंधनाचं झाकण, ग्रिल, मागचे दिवे, नंबर प्लेटची मागची बाजू, काचेच्या खालचं रबर, चाकांच्या नटांची भोकं. गाडी पुसून झाल्यावर दहा मिनिटांनी इथून ओघळ येतात आणि नेमके तेच वाळून दिसतात. ब्लोअर मुख्यतः यासाठी.

बॉश, मकिता, स्टॅनली यांचे 600 वॅटच्या आसपासचे वायरवाले ब्लोअर हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात. हवा मिनिटाला साधारण 3 ते 4 घनमीटर. फटींना हे पुरेसं आहे. कोटिंग केलेली लहान गाडी तर जवळपास पूर्ण कोरडी होते. उघड्या, कोटिंग नसलेल्या रंगावर मात्र पाणी थेंब न होता पापुद्र्यासारखं पसरलेलं असतं. ब्लोअर ते नुसतं इकडून तिकडे ढकलतो आणि तोवर ते वाळू लागतं. अशा गाडीला आधी टॉवेल, मग फक्त फटींपुरता ब्लोअर. कोटिंगवाल्या गाडीला नेमका उलटा क्रम.

या ब्लोअरला हवा आत घेण्याच्या तोंडाशी फिल्टर नसतो. सुतारकामाला वापरलेला असेल तर आतला भुसा थेट ओल्या रंगावर येतो. म्हणून सुरू करताना तोंड गाडीपासून दूर धरून अर्धा मिनिट चालवायचा, आणि धुळीच्या जमिनीजवळ नेऊ नये. नोझलचं टोक कडक प्लास्टिकचं असतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा त्यावर चढवला की चुकून टेकलं तरी चरा पडत नाही. अंतर 10 ते 15 सेंटिमीटर, कोन तिरका, दिशा नेहमी वरून खाली. उभा झोत मारला तर पाणी उडून कोरड्या भागावर परत पडतं.

बॅटरीवाला घेताना वॅट-तास मोजा. 18 व्होल्ट, 2 अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे 36 वॅट-तास. पूर्ण जोरावर 400 वॅट ओढणारं यंत्र ती पाच-साडेपाच मिनिटांत रिकामी करेल. 5 अँपिअर-तासाची असेल तर तेरा मिनिटांच्या आसपास. हातात मावणारे छोटे जेट पंखे फक्त आरसे आणि मुठींपुरते. कुत्र्यांचे केस वाळवायचा, लांब पाइप आणि फिल्टर असलेला ड्रायर मात्र या कामाला फार चांगला, हीटर बंद ठेवून. पण 2000 वॅट म्हणजे 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर. त्याला 16 अँपिअरचंच सॉकेट लागतं. ओल्या फरशीवर काम आहे, तेव्हा अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच. एक्स्टेंशनचा जोड पाण्यापासून उंच ठेवायचा, पायात रबरी चप्पल घालायची. आवाज मोठा असतो, कानात बोळे घालावेत. गॅरेजमधल्या कंप्रेसरची हवा मी रंगावर मारत नाही. टाकीतलं तेल आणि पाणी तिच्याबरोबर येतं.

एप्रिल-मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात सकाळी आठनंतर बॉनेटवर पाणी मिनिटभरही टिकत नाही. तेव्हा संपूर्ण गाडी एकदम न धुता एकेक बाजू धुऊन लगेच कोरडी करावी लागते. कोकणातल्या दमट हवेत वेळ भरपूर मिळतो, फक्त टॉवेल वाळवायची सोय आधी पाहावी. एवढं करूनही ताजा डाग राहिलाच, तर थंड भागावर, सावलीत, पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात लावून मिनिटभराने भरपूर पाण्याने धुवावं. जुना, रंगात खोल गेलेला डाग याने निघत नाही, त्याला पॉलिशच लागतं.

सगळं झाल्यावर गाडी आवारात एक फेरी हळू चालवून दोन-चार वेळा ब्रेक दाबतो. डिस्कवरचं पाणी जातं, गंज धरत नाही.

टॉवेल त्याच दिवशी, सुती कपड्यांपासून वेगळे, द्रव डिटर्जंटने, कोमट किंवा साध्या पाण्यात धुवायचे. सुती तंतू एकदा लवेत अडकले की निघत नाहीत. कपड्यांना वास यावा म्हणून घालतात ते कंडिशनर टाकायचं नाही, कारण त्याचा थर तंतूंवर बसून टॉवेल पाणी पिणं सोडतो. ब्लीच नको, इस्त्री नको, ड्रायरची जास्त उष्णता नको, कारण बारीक तंतू वितळून टोकं कडक होतात. सावलीत वाळवून झाकणाच्या डब्यात ठेवायचे. हाताला खरखरीत लागू लागले की त्यांना दारांच्या चौकटींवर आणायचं, नंतर चाकांवर, आणि शेवटी इंजिनच्या भागाला.