दर शनिवारी मी कुठे जातो

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. इथे अटलांटात मराठी माणसं भेटली की कुणीतरी विचारतंच, दर शनिवारी त्या ब्लॅक मुलांच्यात जाऊन तू करतोस काय, आणि आपल्या मुलांसाठी का नाही करत?

करतो काय, तर पिशव्या भरतो. चर्चच्या तळघरात गरजूंना किराणा वाटतात, तांदूळ, बीन्सचे डबे, पीनट बटर, आणि ते सगळं १५ ते १८ वर्षांची मुलं चालवतात. कोणी कुठे उभं राहायचं ते तेच ठरवतात, आम्ही मोठ्यांनी सांगितलेलं ऐकायचं. मला ते आधी जमलंच नाही. एकदा १६ वर्षांच्या एका पोराकडे जबाबदारी होती, त्याने पिशव्या इतक्या गच्च भरल्या की आज्यांना उचलवेनात, रांग अडली, मी पुढे होऊन सगळं हातात घ्यायला लागलो तर तिथले एक रिटायर्ड ब्लॅक शिक्षक म्हणाले, थांब, त्याचं त्याला निस्तरू दे, बाहेर ह्याला चुकायला कोण देतं?

खरंय ते. इथल्या शाळांतून सस्पेंड होणाऱ्यांत ब्लॅक मुलं त्यांच्या संख्येच्या मानाने खूपच जास्त असतात, एवढ्या-तेवढ्यावरून घरी पाठवतात. पुढच्या शनिवारी त्याच पोराने एका पिशवीच्या दोन केल्या आणि गाडीपर्यंत पोचवायला दोघं वेगळे ठेवले. मला तर भरूनच आलं.

आणि "आपली मुलं" म्हणाल तर मी वर्ध्याचा. ह्याच शहरातल्या मोअरहाउस ह्या ब्लॅक मुलांच्या कॉलेजचे १९४० ते १९६७ प्रेसिडेंट होते बेंजामिन मेज, आईवडील गुलामीत जन्मलेले. ते १९३६-३७ च्या भारत दौऱ्यात वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले होते, आणि पुढे मोअरहाउसच्या चॅपेलमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, मेज यांची भाषणं ऐकायला जो पोरगा बसायचा तो मार्टिन ल्यूथर किंग, १९४८ चा ग्रॅज्युएट. शाळेत सेवाग्रामच्या किती सहली केल्या पण हे कुणी सांगितलंच नाही, इथे त्या शिक्षकांनी सांगितलं. मग ही मुलं परकी कशी म्हणू मी?

पिशव्या गच्च भरणारा तो पोरगा आता एका १३ वर्षांच्या नवख्याला शिकवतोय. ह्या शनिवारी मला तांदळाच्या टेबलावर लावलंय. यायचं असेल तर ९ ला या, काम तो देईल.