कोलोरॅडोत गाइडशिवाय एल्कची पहिली शिकार: आधी मांस खाली आणायचं ठरवा

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एल्कच्या, म्हणजे तिथल्या भल्यामोठ्या हरणाच्या, शिकारीला पहिल्यांदा जाणारा जो तो विचारतो, एल्क सापडतील कुठे? माझ्या मते आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: पडलेलं जनावर गाडीपर्यंत आणणार कसं? मोठा नर ३०० किलोच्या वर भरतो. हाडं काढून टाकली तरी ८० ते १०० किलो मांस उरतं, आणि गाइड नाही, घोडे नाहीत म्हटल्यावर ते पाठीवरूनच उतरवायचं असतं. मी आणि माझा मित्र, आम्ही सगळी आखणी या वजनापासून सुरू केली.

भारतात १९७२च्या कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. इथली गोष्ट निराळी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोतले एल्क संपत आले होते. शेजारच्या वायोमिंग राज्यातून कळप आणून सोडले गेले. आज राज्यात अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत. कुठल्या भागात, कुठल्या हंगामात किती मारायचे हे कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ हे राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं आणि या कामाचा बराचसा पैसा शिकाऱ्यांच्या परवान्यांतून येतो. म्हणून नियमांची पुस्तिका मी मनापासून वाचतो. तुम्हीही दर वर्षी नवी वाचा, कारण नियम बदलतात.

१९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचं, म्हणजे शिकारीचं प्रशिक्षण घेतल्याचं, कार्ड लागतं. ते वसंतातच उरकून घ्या. काही परवाने लॉटरीने मिळतात, त्यांचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. आम्ही त्यात न पडता ऑगस्टमध्ये थेट विक्रीला येणारा दुसऱ्या रायफल हंगामाचा (ऑक्टोबरअखेरीचा) नर एल्कचा परवाना घेतला. एच-१बीसारख्या व्हिसावर असाल तर बंदूक हातात घेण्याआधी वकिलाशी बोला. केंद्रीय कायद्यात अशा व्हिसाधारकांना बंदी आहे आणि शिकारीचा वैध परवाना असलेल्यांना सूट आहे, पण यात ऐकीव माहितीवर जाऊ नका.

जागा निवडली मीकर गावाच्या पूर्वेला, व्हाइट रिव्हर नॅशनल फॉरेस्टमध्ये. नकाशावर आम्ही रस्त्यापासून तीन किलोमीटरचं वर्तुळ काढलं आणि त्याबाहेरचं सगळं सोडून दिलं. हिशेब सरळ आहे. माणशी २५ किलोचं ओझं धरलं तर दोघांना प्रत्येकी दोन फेऱ्या, म्हणजे तीन किलोमीटरवरून नऊ किलोमीटर चाल. तीही डोंगरात, आणि तंबू व बाकी सामान वेगळंच. शिवाय मांस कुठल्या बाजूला उतरवायचं तेही बघा: गाडीपेक्षा वर शिकार केली तर भरलेली पाठ उताराला लागते. खासगी जमिनीच्या हद्दी फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या. कोलोरॅडोत मालकाने पाटी लावलीच पाहिजे असं नाही, हद्द ओळखायची जबाबदारी आपली.

उंचीला कमी लेखू नका. कळसूबाई १,६४६ मीटर, आमचा तळ २,९०० मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट. हंगाम उघडण्याच्या दोन दिवस आधी पोचा, पाणी पीत राहा. उन्हाळाभर पाठीवर तांदळाची पोती भरलेली सॅक घेऊन चढण्याचा सराव आम्हाला नेमबाजीइतकाच उपयोगी पडला.

ऑक्टोबरअखेरीस माजाचा काळ संपलेला असतो. थकलेले नर माद्यांपासून वेगळे होऊन उत्तरेकडच्या उतारांवरच्या दाट झाडीत दडतात आणि पहाटे-संध्याकाळी कडेला चरायला येतात. पहाटे थंड हवा दरीकडे उतरते, ऊन चढलं की वर वाहू लागते. ही पालट होण्याआधी चाल संपवा, नाहीतर तुमचा वास तुमच्या आधी पोचतो. कमरेच्या वर ५०० चौरस इंच चमकता नारिंगी किंवा गुलाबी रंग आणि तसलीच टोपी सक्तीची आहे.

मित्राला नर दिसला तो ॲस्पेनच्या झाडांच्या कडेला, दीडशे यार्डांच्या आत. बहुतेक भागांत एका शिंगाला किमान चार टोकं असावी लागतात, किंवा कपाळालगतचं टोक पाच इंचांचं. दुर्बिणीतून मोजून खात्री पटेपर्यंत त्याने बोट ट्रिगरवर नेलं नाही. मग एकच गोळी.

नंतरचं काम घाईचं होतं. थंडीतही जाड कातड्याखाली मांस गरमच राहतं, हाडालगत आधी खराब होतं. परवान्याचा टॅग भरला आणि पोट न फाडता पाठीच्या कण्यावरून कातडं सोडवायला सुरुवात केली. पुढचा पाय नुसत्या स्नायूंनी धरलेला असतो, सुरी फिरवली की सुटतो. मागच्या पायाला खुब्याचा सांधा शोधावा लागतो. पाय वर उचलून धरला की खटकन उघडतो. नर असल्याचा पुरावा (उदा. अंडकोष) एका मागच्या पायाला जोडलेलाच ठेवायचा, तो कापला तर गुन्हा. कण्याच्या दोन्ही बाजूंचे मांसाचे लांब पट्टे आणि आतले छोटे पट्टेही घ्यायचे. तुकडे सुती पिशव्यांत घालून सावलीतल्या फांदीला मोकळे टांगले, वारा लागेल असे. जाळीदार नकोत, प्लास्टिकच्या तर नकोतच. बदलायला धारदार पाती, हेडलॅम्प आणि दोन दोरखंड सॅकमध्ये असू द्या. ते पहिल्या फेरीत गाडीत ठेवू नका.

गाडीत दोन मोठे कूलर आणि गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवा. परतीला डोकं क्रॉनिक वेस्टिंग डिसीजच्या, म्हणजे हरणांच्या मेंदूला होणाऱ्या जीवघेण्या रोगाच्या, तपासणीला द्या. हा रोग माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण बाधित जनावराचं मांस खाऊ नये असा सीडीसी या अमेरिकेच्या आरोग्य संस्थेचा सल्ला आहे, तेव्हा निकाल येईपर्यंत फ्रीझरमध्ये खूण करून वेगळं ठेवा. पट्ट्यांचे जाड तुकडे तापलेल्या तव्यावर झटपट परता, चरबी अगदी कमी असल्याने जास्त शिजले की वातड होतात. नळ्या कुकरमध्ये, वाटणाच्या रश्शात, मटणापेक्षा दोन शिट्या जास्त.