दारातला स्पीकर

गाडीतला स्पीकर एका दिवसात जात नाही हाच त्याचा ताप आहे. टायर बसला तर थांबावंच लागतं, बॅटरी उतरली तर गल्लीतली चार पोरं धक्का मारायला बोलवावी लागतात, खरं स्पीकर थोडा थोडा जात राहतो आणि आपण आवाज एक एक पॉइंट वाढवत राहतो, कानाला त्याचीच सवय होते. आमच्या जुन्या केए २२, म्हणजे बेळगाव पासिंगच्या गाडीत मेहुणा बसला आणि पाचच मिनिटात म्हणाला, दाजी, गाणं लागलंय की पापड भाजायलेत? तेव्हा कुठं मी नीट ऐकलं. खरंच पापड होते.

जुन्या गाडीवर खर्च म्हटलं की घरात आधी सभा भरते. विकून टाका, एक्स्चेंजला किती येतील, त्यापेक्षा दुसरी बघा. खरं आम्हाला गाडीत काय डीजे लावायचा नाहीये, निपाणीकडं निघालो की कोल्हापूर आकाशवाणी १०२.७ ला धरायची, उलट दिशेला गेलो की धारवाडचं कन्नड ऐकायचं, आणि दोन्हीकडच्या बातम्यातला शब्द न् शब्द कळायला पाहिजे एवढीच अपेक्षा. स्पीकर चांगला की वाईट हे बातम्यांवरच कळतं असं माझं मत आहे, कारण ढोलकी कुठल्याही डब्यावर बरी वाजते, माणसाचा आवाज मात्र लगेच उघडा पडतो.

कुठला गेलाय ते स्टिरिओवरच कळतं, बॅलन्स एकदा पूर्ण डावीकडं, एकदा पूर्ण उजवीकडं न्यायचा. आमचा ड्रायव्हर साइडचा जास्त गेलेला, आणि साहजिक आहे, खानापूरच्या पावसात कणीसवाल्यासाठी खाली होते ती हीच काच.

दाराचं आतलं पॅनेल काढताना गंमत आहे ती काचेच्या हँडलची. त्याला स्क्रू दिसतच नाही, मागं एक बारीक तारेची क्लिप असते. जुनं फडकं हँडलच्या मागं घालून दोन्ही टोकं धरायची आणि बूट पुसल्यासारखं इकडून तिकडं ओढायचं, की टक् करून क्लिप सुटते आणि सीटखाली कुठंतरी जाते. ती आधी शोधायची, मग पुढचं काम.

पॅनेल निघालं तर आत स्पीकरच्या कडेचा फोम बोट लावला की भुगा. कागदाचा कोन हलक्या हातानं आत दाबला तर खरखर, म्हणजे आतली कॉइलपण घासायली होती. दार कोरडं असतं असं आपल्याला वाटतं, खरं काचेवरचं पाणी दाराच्या आतूनच उतरतं आणि खालच्या भोकातनं बाहेर जातं, स्पीकरची पाठ त्याच ओलीकडं असते. आमची ती भोकं लाल चिखलानं बुजलेली. वर कुणीतरी काचेचं काम करताना पॅनेलमागचा प्लास्टिकचा कागद फाडून तसाच सोडलेला. तो कागद नसला तर पाणी तर येतंच, शिवाय स्पीकरच्या मागचा आवाज दाराच्या भोकातनं पुढं येऊन पुढच्या आवाजाला खातो, बेस गायब.

दुकानात मालक एका गिऱ्हाईकाशी कन्नडात, पोराशी हिंदीत आणि माझ्याशी मराठीत, तिन्ही भाषांत एकच सांगायलता, अण्णा हे घ्या, तीनशे वॅट. डब्यावरचा तो मोठा आकडा क्षणभराचा असतो, बघायचं ते आरएमएस, म्हणजे स्पीकर सतत पेलू शकतो ते वॅट. साध्या स्टिरिओतनं एका स्पीकरला जेमतेम पंधरा-वीस वॅट खरे मिळतात, मग तीनशे घेऊन काय करायचं? आपण ४ ओहमचे, ९० डेसिबलच्या वर सेन्सिटिव्हिटी (म्हणजे थोड्या वॅटवर किती मोठा वाजतो ते) असलेले साधे टू-वे कोअॅक्सिअल घ्यायचे, ज्यात बारीक आवाजाचा ट्वीटर मधेच बसवलेला असतो, वेगळ्या ट्वीटरच्या सेटच्या नादाला लागायचं नाही. आणि मागच्या मॅग्नेटची खोली मोजून न्यायची, नाहीतर काच खाली केली की मॅग्नेटला टेकते. पुढची जोडी दोन हजाराच्या आत बसली. वाचलेल्या पैशातनं त्या फाटक्या कागदाच्या जागी लावायला काळी चिकट ब्युटिल टेप आणि जाड प्लास्टिक आणलं, आणि मला विचाराल तर निम्मा फरक त्यानंच पडला. स्पीकर दारावर बसवायची रिंगपण प्लास्टिकचीच घेतली, एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) आपल्याकडच्या पावसात फुगते.

वायर जोडताना घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल टेकवून बघायचा, कोन बाहेर आला तर सेलचा प्लस ज्या वायरला तीच प्लस. एका दाराची उलटी झाली तर दोन्ही स्पीकर वाजतात, खरं एक बाहेर येताना दुसरा आत जातो आणि बेस परत गुल.

जुन्या स्पीकरचे मॅग्नेट चुलत भावानं उद्यमबागला, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात नेले, लेथखालचा बुरा गोळा करायला. मागच्या दारातले दोन अजून तसेच आहेत, स्टिरिओचा फेडर, म्हणजे पुढचा-मागचा आवाज वाटायचं बटण, पुढं सरकवून ठेवलाय. मागं बसणाऱ्यांनी गप्पा माराव्यात की.