दमणीचं भाडं अन् माझ्या मिशा

मागच्या हिवाळ्यात आमच्या औशाकडच्या गावात शूटिंग आलं होतं, गोष्ट रझाकाराच्या काळातली, 1948 ची. मी अन् चुलतभाऊ दोघंबी गर्दीत उभं राहायला गेलो. सकाळी 6 चा कॉल, धोतर नेसवलं, फेटा बांधला, घड्याळ काढायला लावलं अन् 11 वाजेपर्यंत कोणी विचारीना. मग शॉट लागला तर आमचं काम काय, पिंपळापासून वेशीपर्यंत चालायचं अन् कॅमेऱ्याकडं बघायचं नाही. सहा वेळा चाललो. सहाव्यांदा मलाच वाटायलं की वेशीपाशी आपलं खरंच काहीतरी काम आहे.

रोज 700 ठरला होता, हातात 600 आले, 100 माणसं गोळा करणाऱ्या कोऑर्डिनेटरचे. आबांना सांगितलं तर म्हातारं हसायलंय, "तुला हालीचा भाव लावला की रे!" निजामाचा हाली रुपया वेगळा होता ना आपल्याकडं, 7 हाली दिले की 6 कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, मिळायचे. पिच्चर त्या काळातला, हिशोबबी त्याच काळातला.

दुसऱ्या दिवशी मी जरा बरं दिसावं म्हणून मिशा कोरून गेलो, तर असिस्टंट पोरगी मोबाइलमधला कालचा फोटो बघून म्हणली कंटिन्युटी गेली, कालचाच सीन पुढं चालू आहे. मला पार मागं, भिंतीच्या सावलीत उभं केलं.

खरे पैसे मिळाले ते दमणीचे, म्हणजे माणसं बसायच्या आमच्या जुन्या हलक्या बैलगाडीचे. पत्र्याच्या शेडमधी कोंबड्या बसायच्या तिच्यावर, चाकाच्या लोखंडी धावा गंजल्या होत्या पण आरे शाबूत. आर्टवाल्यांनी, म्हणजे सेट लावणाऱ्यांनी, बघितली अन् 1500 रोजानं 9 दिवस नेली. बैल मात्र नको म्हणले, जनावर कॅमेऱ्यापुढं आणायचं तर आधी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, डॉक्टरचा दाखला लागतो, त्यांची कागदं झालेली जोडी ठरलेली होती.

घागरींचं वेगळंच झालं. सिनेमात जायच्या म्हणून आईनं दोन पितळी घागरी चिंच अन् राखेनं घासून लख्ख करून दिल्या, अन् आर्टच्या पोरानं तिच्यासमोरच फडक्यानं काहीतरी काळपट चोळून मळवल्या. चकाकी लाइट मारते म्हणे. आई दोन दिवस बोलली नाही, त्या पोराशी नाही, माझ्याशी.

सामान परत आलं तेव्हा दमणीच्या जुवाची एक शिवळ, म्हणजे खुंटी, गायब अन् एका घागरीला हा एवढा पोचा. आधीचाच आहे म्हणले. माझ्याकडं ना फोटो, ना लिस्ट, ना डिपॉझिट, भांडणार कशावर? राहिलेले अर्धे पैसे दोन महिने फोन करकरून काढले. आता सामान गाडीत चढायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढतो, लिस्टवर त्यांची सही घेतो अन् बाकी पैसे पॅकअपच्या आदल्या दिवशी मागतो, कारण पॅकअप झाल्यावर त्यांच्यातलं कोणी ओळखबी देत नाही.

परवा दुसऱ्या कोणाचा तरी फोन आला, जुनं लाकडी उखळ पाहिजे म्हणून. आईनं परसातनं काढून कोळ्याच्या जाळ्यासकट ओट्यावर ठेवलंय. म्हणली, "हात लावू नको, असंच जाऊ दे."