टाकीतलं पाणी आणि घरातली बादली : इडाईनंतरच्या मोझांबिकमध्ये तीन आठवडे

विमान मोझांबिकच्या किनाऱ्यावरच्या बेइरा शहरात उतरायच्या आधी एक मोठा वळसा घेतं. त्या वळशात खिडकीतून पाहिलं, तर शेत कुठलं आणि नदी कुठली ते ओळखू येत नव्हतं. एप्रिल २०१९चा पहिला आठवडा होता तो. १४ मार्चच्या रात्री इडाई चक्रीवादळ बेइराजवळ किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्यानं छपरं नेली आणि पाठोपाठ पुंग्वे आणि बुझी या दोन नद्या पात्र सोडून सपाट मुलखावर पसरल्या. एकट्या मोझांबिकमध्ये ६००हून अधिक माणसं गेली, १८ लाखांहून अधिक लोकांना झळ बसली. मका काढणीला आला होता. तोही पाण्याखाली गेला.

मी पाणी शुद्धीकरणाचं काम करतो. एका मदत संस्थेच्या चमूतून तीन आठवड्यांसाठी गेलो होतो. पुढे असं काम करायला निघणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट, कुणी बोलावल्याशिवाय जाऊ नका. मनात कळवळा असला तरी नाही. पूर आलेल्या शहरात एक जास्तीचा माणूस म्हणजे एक जास्तीचा बिछाना, रोजचं पिण्याचं पाणी, गाडीतली एक जागा. तिथे आधीच काम करणाऱ्या संस्थेचं पत्र, व्हिसा, विमा आणि आजारी पडल्यास बाहेर काढायची सोय, एवढं हातात असेल तरच निघा. सुरुवातीच्या दिवसांत लागतात बोटी, हेलिकॉप्टरं आणि शिस्तीतली माणसं. आपल्या नौदलाची ‘सुजाता’ आणि ‘शार्दूल’ ही जहाजं व तटरक्षक दलाचं ‘सारथी’ त्याच भागात होती, म्हणून ती अगदी आधी पोचली आणि बुझी नदीकाठच्या बुझी गावातून लोकांना बाहेर काढू शकली. आमच्यासारख्यांची पाळी त्यानंतरची.

मदतीचं सगळं केंद्र बेइराच्या विमानतळावरच होतं. मोझांबिक सरकारची आपत्ती व्यवस्थापन संस्था आणि संयुक्त राष्ट्रांचा समन्वय कक्ष तिथूनच काम करत होते. उतरल्या उतरल्या सामान घेऊन छावणीकडे धावू नका. आधी नाव नोंदवा, मग आपल्या विषयाच्या गटाची बैठक गाठा. पाणी-स्वच्छतेचा गट वेगळा, आरोग्याचा वेगळा, निवाऱ्याचा वेगळा. कोण, कुठे, काय करतंय याचा तक्ता तिथे मिळतो. ही बैठक मला पहिल्या दिवशी वेळ खाणारी वाटली. दोन दिवसांनी एका छावणीत दोन संस्थांच्या टाक्या शेजारीशेजारी दिसल्या आणि पलीकडच्या वस्तीत बायका डबक्यातलं पाणी भरत होत्या. त्यानंतर एकही बैठक चुकवली नाही.

आम्हाला बुझी जिल्ह्यातली उंचावरची एक छावणी मिळाली. १०,००० लिटरची रबरी टाकी, पंप, नळांची चौकट. आणीबाणीत माणशी दिवसाला १५ लिटर पाणी धरतात आणि २५० माणसांमागे एक नळ, म्हणजे एक भरलेली टाकी साडेसहाशे लोकांना पुरते. पाणी गढूळ होतं, म्हणून आधी तुरटी. किती घालायची हे पुस्तकातून ठरवू नका. चार-पाच बरण्यांत वेगवेगळं प्रमाण घालून बघा. पाऊस पडला की पाणी बदलतं आणि प्रमाणही बदलतं. गाळ बसल्यावर क्लोरीन. ७० टक्के क्लोरीनची पूड लिटरला १५ ग्रॅम विरघळवली की साधारण १ टक्क्याचं द्रावण होतं. १०,००० लिटरच्या टाकीत ते २ लिटर घातलं की लिटरमागे २ मिलिग्रॅम मात्रा पडते. अर्धा तास थांबायचं, मग नळाशी पाण्यात उरलेलं क्लोरीन मोजायचं.

पहिला आठवडा मी नळाशीच मोजत होतो. लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम, अर्धा मिलिग्रॅम, रोज तेच. वही भरत होती आणि मी समाधानात होतो.

आमच्या चमूत तिथलीच एक आरोग्यसेविका होती. तिकडे मोठ्या बाईला आदरानं ‘मामाँ’ म्हणतात, आम्हीही तसंच म्हणायचो. एका दुपारी त्यांनी माझ्या हातातली तपासणीची डबी घेतली आणि सरळ तंबूंकडे चालू लागल्या. पहिल्या घरातल्या बादलीत क्लोरीन शून्य. दुसऱ्या घरात शून्य. दहा घरं पाहिली, दोनच ठिकाणी क्लोरीन असल्याची गुलाबी छटा आली. बादल्या उघड्या होत्या, मुलं पेला बुडवून पाणी घेत होती, त्यात हातही बुडत होता. काही बादल्या पुरातून वाचवलेल्या, आतून बुळबुळीत. आम्ही नळाला दिलेलं चांगलं पाणी तोंडापर्यंत पोचतच नव्हतं. आणि बेइरात २७ मार्चलाच कॉलऱ्याचे पहिले रुग्ण नक्की झाले होते.

त्या दिवसापासून काम बदललं. कॉलऱ्याच्या काळात नळाशी लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत क्लोरीन ठेवायला हरकत नसते, तेवढं ठेवलं. अरुंद तोंडाचे, झाकणाचे २० लिटरचे कॅन मागवले. नळाशेजारी कॅन धुवायची जागा केली: थोडी वाळू, थोडं क्लोरीनचं पाणी, खळखळून हलवायचं. वास येतो म्हणून पाणी नको म्हणणाऱ्या बायका होत्या. त्यांना समजवायचं काम मामाँनी केलं, मी ते करू शकलो नसतो. तिथे घरगुती क्लोरीनची ‘सेर्तेझा’ नावाची बाटली लोकांच्या आधीपासून ओळखीची आहे. “हे तेच आहे,” एवढं त्यांनी सांगितलं की निम्मी शंका जायची. तिथे काय चालतं, लोक कशाला काय म्हणतात, हे आधी विचारा. रोज नळाशी एक नोंद घेतलीत, तर घरांत दहा घ्या.

त्याच काळात लसीकरण चाललं होतं. ३ एप्रिलला सुरू झालं आणि आठ लाखांहून अधिक लोकांना लस मिळाली. ६,७००हून अधिक जणांना कॉलरा झाला, पण मृत्यू ८वर थांबले. लस, उपचार, पाणी, घरोघर फिरणाऱ्या स्थानिक सेविका, हे सगळं एकदम झालं म्हणून.

संडासाबद्दल एवढंच सांगतो: जागा ठरवण्यापूर्वी बायकांना विचारा, आतून कडी लावा, वाटेवर दिवा लावा. अंधारात बायका तिकडे फिरकत नाहीत, मग बांधलेलं वाया जातं.

आता निघण्याची तयारी. हिवतापाची प्रतिबंधक गोळी डॉक्टरांना विचारून सुरू करा आणि परतल्यावर सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्या. पूर ओसरताना डास वाढतात. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणार असाल, तर पीतज्वराची लस किमान १० दिवस आधी घ्या, तिचा दाखला त्यानंतरच ग्राह्य धरतात. भाषा पोर्तुगीज, आणि खेड्यांत सेना व न्दाउ. ‘बों दिया’ आणि ‘ओब्रिगादु’ (बाई असाल तर ‘ओब्रिगादा’) एवढं तरी पाठ करून जा. वस्तीत शिरताना आधी तिथल्या मुखियाला भेटायचं, मग टाकी उतरवायची. आपला १५ अँपिअरचा जाड तीन पिनांचा प्लग तिकडच्या बऱ्याच बोर्डांत बसतो. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, डोक्याला बांधायची बॅटरी, क्षारसंजीवनीची पाकिटं, आणि बँकेवर भिस्त न ठेवता थोडी रोकड. क्लोरीनची पूड विमानाच्या सामानात अजिबात ठेवू नका, पेट घेऊ शकते. ती तिथेच मिळवायची आणि डिझेलपासून लांब ठेवायची.

क्लोरीन तपासायच्या डीपीडी गोळ्या मात्र स्वतः न्या, तारीख बघून, लागतील त्याच्या तिप्पट. परत निघताना उरलेल्या गोळ्या, डबी आणि वही मी मामाँकडे दिली. वहीचं शेवटचं पान त्यांच्याच हातचं होतं: बारा घरं, दहा ठिकाणी गुलाबी.