उंदरीच्या मेंदूतली दुपारची वेळ

पदव्युत्तर अभ्यासाच्या काळात, पांढऱ्या उंदरांच्या माद्यांचा योनिस्राव काचपट्टीवर घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हे माझे रोज सकाळचे काम होते. ठळक केंद्रकाच्या गोल पेशींचे पुंजके दिसले की वहीत ‘प्रोइस्ट्रस’ (अंडाशयातून बीज सुटण्याच्या अगदी आधीचा टप्पा) लिहायचे. दुसऱ्या दिवशी त्याच मादीत केंद्रक हरवलेल्या, वाळक्या पाचोळ्यासारख्या पेशी दिसत. चार-पाच दिवसांत हे प्रजननचक्र पूर्ण होते.

प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बीजमोचन (अंडाशयातून बीज सुटणे) रोखते, एवढेच आपल्या मनात पक्के बसलेले असते (गर्भनिरोधक गोळ्यांमुळे असावे). उंदरांत मात्र सारे काही वेळेवर ठरते. प्रोइस्ट्रसच्या दिवशी इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील किसपेप्टिन (प्रजनन-संप्रेरकांना चालना देणारे रसायन) बनवणाऱ्या चेतापेशींत प्रोजेस्टेरॉनचे ग्राहक (संप्रेरक ज्यांना चिकटून काम करते ते रेणू) वाढलेले असतात; त्या दिवशी प्रोजेस्टेरॉन दिले तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून येणारी, बीजमोचन घडवणाऱ्या एलएच या संप्रेरकाची लाट लवकर आणि जोरात उसळते. तेच डायइस्ट्रसच्या (प्रोइस्ट्रसच्या आधीच्या शांत टप्प्याच्या) सुरुवातीला दिले तर बीजमोचन साधारण एक दिवस लांबते.

या लाटेची वेळ विलक्षण काटेकोर असते. एव्हरेट आणि सॉयर या शास्त्रज्ञांनी १९५० मध्ये दाखवले, की प्रोइस्ट्रसच्या दुपारी २ च्या सुमारास गुंगीचे बार्बिट्युरेट दिल्यास बीजमोचन पूर्ण २४ तास पुढे जाते. मला हा प्रयोग आजही सर्वांत देखणा वाटतो.

अंडाशयातही प्रोजेस्टेरॉनचे काम असतेच. त्याचा ग्राहक जनुकीय बदलाने काढून टाकलेल्या माद्यांत, बाहेरून गोनॅडोट्रोपिन (अंडाशयाला चालना देणारी एलएचसारखी संप्रेरके) देऊनही, पुटिका (बीज वाढवणाऱ्या पिशव्या) पक्व होतात पण फुटत नाहीत.